हातगुण

२०२२ च्या श्रावणातली गोष्ट. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ अकरा दिवसांचं. आदल्याच दिवशी सुवेर फिटलं होतं. रविवार होता आणि रविवारी आमच्या खासबागेत बाजार भरतो. चातुर्मास, म्हणून पालेभाजी घ्यायची नव्हती. दोडकी, भेंडी, ओला नारळ घेऊन मी घामाघूम होऊन घरी आले. पिशवी स्वयंपाकघरात टेकवली आणि आतून बाळाचा आवाज आला तशी पदराला हात पुसत थेट खोलीत गेले. वाकून उचलणार, तेवढ्यात लेक म्हणाली, ‘‘आई, आधी हात धू. साबण लावून.’’

खोटं कशाला सांगू, मला ते लागलं. तिच्यासमोर नाही, पण न्हाणीत जाऊन नळ सोडल्यावर डोळ्यांत पाणी आलं. मी काय परकी? सकाळी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बस्तीत जाऊन आलेली बाई मी. पाणी गाळल्याशिवाय चुलीवर न चढवणाऱ्या घरातली. आणि कालची पोर मला हात धू म्हणते! मग साबण लावला, नखं एकमेकांवर घासली, आणि पांढऱ्या बेसिनमध्ये जे पाणी उतरलं ते चहासारखं होतं. भेंडीवाल्याची माती, सुट्या नोटांचा मळ, आणखी काय काय.

त्या पाण्याकडे बघताना मला आमच्या आजेसासूबाई आठवल्या आणि त्यांनी सांगितलेली सूलगित्ती आठवली. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

आमच्या भागात मराठी घरांतसुद्धा सुईणीला कितीतरी जण कानडी शब्दानंच हाक मारत. सूलगित्ती. मी १९९० साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा आजेसासूबाई ऐंशीच्या घरात होत्या. दुपारी मागच्या सोप्यात वाती वळत बसायच्या. शेजारच्या घरांतून मागांचा खटखटाट चालू असायचा (आमचा धंदा सुताचा, गिऱ्हाइकं सगळी विणकर). त्या आवाजावर आवाज चढवून त्या जुन्या गोष्टी सांगायच्या. त्यातलीच ही एक, साधारण १९३० च्या आसपासची. त्यांची धाकटी जाऊ बाळंत झाली. दुसरं बाळंतपण, सुखरूप सुटका, मुलगा. घरात पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. पोट फुगलं, अंगावरून जायचं त्याला वास यायला लागला, मग बडबड सुरू झाली. कुणी म्हणालं वारं लागलं, कुणी म्हणालं बाहेरची बाधा. वैद्यांचे काढे झाले. मिरजेला वानलेस डॉक्टरांच्या मिशन दवाखान्यात न्यायचं असं पुरुषमाणसांत ठरत होतं, पण सुवेरातली बाई आगगाडीत कशी बसवायची यावर दोन दिवस गेले. नवव्या दिवशी ती गेली. बाळ शेळीच्या दुधावर वाढलं. ते बाळ म्हणजे आमचे धाकटे चुलत सासरे. ते पुढे सत्तरी पार करून गेले, पण आईचा एक फोटोसुद्धा त्यांच्यापाशी नव्हता.

‘‘सूलगित्तीचा हातगुण वाईट,’’ आजेसासूबाई म्हणाल्या. ‘‘गल्लीत मग कुणी बोलावलं नाही तिला.’’

हातगुण हा आपल्याकडचा मोठा विलक्षण शब्द. डॉक्टरला हातगुण असतो, लोणचं घालणारीला असतो, झाड लावणाऱ्याला असतो. कुणाच्या हाताला यश असतं, कुणाच्या नसतं, आणि का ते कुणी विचारायचं नसतं. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. लढाया आणि तह पाठ केले होते. पण हाताचाही इतिहास असतो हे मला पुस्तकांनी नाही, त्या दुपारच्या सोप्यानं शिकवलं. पुस्तकं नंतर आली.

आधी बाळंतिणीच्या खोलीबद्दल सांगते, कारण तरुण वाचकांना ती माहीत नसेल. घरातली सगळ्यात अंधारी, परड्याकडची खोली. झरोका असला तर चिंध्या कोंबून बंद केलेला, वारं लागू नये म्हणून. सुवेरात जे शिवलं ते बाटलं, मग ते टाकायचं किंवा धोब्याकडे द्यायचं. म्हणून खोलीत नेमकं जुनं तेवढंच ठेवलेलं असायचं. फाटकी वाकळ, विरलेली लुगडी, तुटका बाजला. चांगलं बाटवायचं कशाला? म्हणजे ज्या दिवशी बाईचं अंग आतून उघडी जखम झालेलं असतं, त्याच दिवशी घरातलं सगळ्यात मळकट कापड तिच्या वाट्याला. नाळ कापायला विळा किंवा घरातलं जे पातं हाताशी असेल ते. नाळेवर राख, कुठे शेण, कुठे हळद-तेल. बाळ पाच-सहा दिवसांनी दूध ओढेनासं झालं, जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं वाकलं, की सटवी कोपली. पाचवी-सहावीच्या पूजा त्याच दिवसांच्या. आपल्या मुनींनी सांगून सांगून अशा देव्हाऱ्यांची पूजा आपल्या समाजात पुष्कळ कमी केली, पण पाचवीच्या रात्रीची भीती काही तेवढ्यानं जाणारी नव्हती. ती भीती खरी होती. नवजाताचा धनुर्वात त्याच दिवसांत दिसतो. मातीत आणि शेणात त्याचे जंतू बीजरूपानं पडून असतात, कापलेल्या नाळेतून आत शिरतात. आईला टीटीची सुई, नवं पातं आणि कोरडी नाळ, एवढ्यावर तो हटला. भारतातून तो हद्दपार झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं ते २०१५ साली. फार लांबची गोष्ट नव्हे.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतंच असंही नाही. सुश्रुतसंहितेत सूतिकागाराचं वर्णन आहे. तिथे बाळंतिणीपाशी चार बायका असाव्यात, वयानं पोक्त, प्रसवकर्मात कुशल आणि नखं कापलेल्या, असं सांगितलंय. नखं कापलेल्या! मी ते वाचलं तेव्हा थांबून परत वाचलं. एवढ्या जुन्या ग्रंथातलं हे वाक्य आमच्या परड्याकडच्या खोलीपर्यंत पोचलं नाही. सोवळं पोचलं. ग्रंथातलं काय खाली उतरायचं आणि काय वर राहायचं, हे कोण ठरवतं कोण जाणे.

आता व्हिएन्नाची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात आपल्या घरातलंच सगळं आहे, नुसते कपडे वेगळे.

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात १८४० नंतर बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. एक दिवस पहिल्या विभागात भरती, एक दिवस दुसऱ्यात, असा क्रम होता. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात शंभरातल्या सुमारे १० बायका बाळंतज्वरानं गेल्या. सुईणींच्या विभागात ४ सुद्धा नाहीत. गावातल्या गोरगरीब बायकांना हे माहीत होतं. चुकून पहिल्या विभागाच्या दिवशी कळा सुरू झाल्या तर त्या पायावर लोटांगण घालत, दुसरीकडे पाठवा म्हणून रडत. रस्त्यात बाळंत झालेल्या बायकासुद्धा पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा जास्त वाचत. म्हणजे शिकलेल्या डॉक्टरांचा हातगुण वाईट आणि सुईणींचा चांगला. आमच्या गल्लीच्या अगदी उलट.

तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर साहाय्यक म्हणून काम करत होता. त्याचा जीव या आकड्यांनी कासावीस झाला. हवा म्हणावी तर दोन्हीकडे तीच, गर्दी म्हणावी तर दुसरीकडेच जास्त. शेवटचा विधी करायला पाद्री घंटा वाजवत वॉर्डातून जातो, त्या धसक्यानं बायका मरतात की काय, असंही त्यानं तपासून बघितलं. घंटा बंद केली. मरण बंद झालं नाही. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेत्श्का वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या मरणाचा अहवाल सेमेलवाइसनं वाचला आणि तो हादरला. लक्षणं तंतोतंत बाळंतिणींचीच. पुरुषाला बाळंतज्वर कसा? मग त्याला दिसलं ते असं: डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं कापतात आणि त्याच हातांनी वॉर्डात येऊन बायका तपासतात. सुईणी प्रेतांना हात लावत नाहीत. हात धूत नसत असं नव्हे, साबणपाणी असे. पण वास राहायचा. वास आहे म्हणजे काहीतरी उरलंय, हे त्यानं ओळखलं.

मे महिन्यात त्यानं दारात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याचं पात्र ठेवलं आणि प्रत्येकानं त्यात हात घासूनच आत जायचं असा नियम केला. ही काही परदेशी जादू समजू नका. पावसाळ्यात विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर, कोल्हापूर-सांगलीकडे जिला टीसीएल म्हणतात, ती याच जातीची. एप्रिलमध्ये शंभरात १८ बायका गेल्या होत्या. जुलैत जेमतेम १. पुढच्या वर्षी दोन महिने असे गेले की त्या विभागात एकही बाई त्या तापानं गेली नाही.

तुम्हाला वाटेल, डॉक्टरांनी त्याला खांद्यावर घेतलं असेल. नाही. जंतू कुणी पाहिले नव्हते, हे एक कारण. त्यालाही आपलं म्हणणं नीट लिहून मांडता आलं नाही; पुस्तक आलं ते १८६१ साली, आणि मग तो विरोधकांना पत्रांतून खुनी म्हणू लागला. पण मुळातलं कारण मला वाटतं वेगळंच होतं. त्याचं म्हणणं मान्य करायचं म्हणजे इतकी वर्षं आपल्याच हातांनी आपण बायका मारल्या हे मान्य करायचं. कुणाचं काळीज होईल? अमेरिकेत तेच झालं. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी बोस्टनमध्ये १८४३ साली, म्हणजे व्हिएन्नाच्याही आधी, हा रोग डॉक्टरांच्या हातून जातो असं लिहिलं होतं. फिलाडेल्फियाचे बडे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मिग्ज यांनी त्यांची खिल्ली उडवली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की डॉक्टर म्हणजे सभ्य गृहस्थ, आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात.

न्हाणीत उभी राहून मी तरी वेगळं काय म्हणत होते?

सेमेलवाइसला शेवटी वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. १८६५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जखम चिघळून रक्तात विष पसरून तो तिथेच वारला. त्याच आठवड्यात ग्लासगोला जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायावर कार्बोलिकची पट्टी बांधून जंतुनाशक शस्त्रक्रियेची सुरुवात केली. पुढे १८७९ साली पॅरिसच्या एका सभेत कुणी विद्वान बाळंतज्वराची भलतीच कारणं सांगत होते, तेव्हा लुई पाश्चर उठले आणि त्यांनी फळ्यावर माळेसारखे जंतू काढून दाखवले. तोवर किती बायका गेल्या असतील!

मिग्जच्याच फिलाडेल्फियात १८८३ साली आपली आनंदीबाई जोशी शिकायला गेली. अठरा वर्षांची. चौदाव्या वर्षी कल्याणला तिला मुलगा झाला होता आणि दहा दिवसांत गेला होता. त्यानंतर तिनं डॉक्टर व्हायचं ठरवलं, हे आपण शाळेत शिकलो. पण १८८६ साली तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिनं प्रबंध कशावर लिहिला, हे फारसं कुणी सांगत नाही. विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे जुन्या ग्रंथांतलं ते ज्ञान समुद्रापलीकडे इंग्रजीत उतरवणारी ही मराठी मुलगी. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळातल्या, म्हणजे आजच्या सीपीआरमधल्या, स्त्रीविभागाची जबाबदारी तिला देऊ केली होती. निपाणीहून कोल्हापूर किती ते तुम्हाला ठाऊक आहे. ती तिथे रुजू झाली असती तर आमच्या सीमाभागातल्या बाळंतिणींचं काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. क्षयानं पोखरलेली ती १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला गेली. बावीस पूर्ण व्हायच्या आत.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. १८८५ साली डफरीन फंड निघाला, बायकांसाठी बायका डॉक्टर तयार करायला. १९०३ साली लेडी कर्झननं सुईणींच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया राणीच्या नावानं निधी काढला. कार्बोलिक, उकळलेली कात्री, स्वच्छ फडकं, हे शिकवायचे. पण शिकवायचे कुणाला, तर ज्या सुईणीला घरोघर मागच्या दारानं घेत तिला. आणि शिकून आली तरी घरात शिरल्यावर तिला कोण विचारतंय?

इथे थोडं साबणाबद्दल. आमच्या आजेसासूबाईंच्या तरुणपणी साबण म्हणजे विलायती आणि विलायती म्हणजे चरबीचा, असा समज होता आणि तो बव्हंशी खरा होता. जैन घरात चरबीचा साबण शिवायचा कसा? हाताला राख किंवा माती, अंगाला डाळीचं पीठ, केसांना शिकेकाई, कपड्याला रिठे. अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण काढला तो अशाच लोकांसाठी मोठा दिलासा होता. पण नवी वस्तू घरच्या देवाला आणि म्हाताऱ्यांना पटायला पिढी जाते. आमच्या स्वयंपाकघरात साबणाची वडी आली ती माझ्या सासूबाईंच्या हातात कारभार आल्यावर. राखेला मी नावं ठेवणार नाही. चुलीतली कोरडी राख चोळून चोळून धुतली तर हाताचा मळ आणि तुपट निघतं, त्याबरोबर जंतूही निघतात. खरं काम चोळण्याचं आहे. साबण तुपकट थर सोडवतो, त्यात चिकटलेले जंतू सुटे होतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून नुसत्या पाण्यानं भागत नाही, आणि म्हणून जाहिरातीतला महागडा ‘जंतुनाशक’ साबणच पाहिजे असंही नाही. कराचीच्या झोपडपट्ट्यांत अमेरिकन आणि पाकिस्तानी डॉक्टरांनी मिळून घरोघर साबण वाटून पाहणी केली, २००५ साली ती प्रसिद्ध झाली. मुलांचे जुलाब आणि न्यूमोनिया दोन्ही निम्म्यानं कमी झाले. साध्या साबणानं आणि जंतुनाशक साबणानं सारखेच. तेव्हा बायांनो, पैसे वाचवा. वीसेक सेकंद चोळा, अंगठा आणि नखं विसरू नका, आणि मग ते हात पदराला पुसू नका.

पाण्याचं मात्र सोपं नाही. ‘‘पाणी तुपासारखं वापरा,’’ हे आपल्या घरांतलं वळण. पाण्यात जीव मानणाऱ्यांनी ते तसंच वापरायला हवं. आणि मग माझ्या मनात येतं, आपले मुनी आंघोळ करत नाहीत, दात घासत नाहीत, तो त्यांचा मूलगुण आहे. पण कमंडलू बाळगतात. त्यातलं उकळलेलं थोडंसं पाणी हातापायांच्या शुद्धीसाठी. ताट नाही, वाटी नाही, आहार ओंजळीत घ्यायचा. ज्याचं ताट म्हणजे हातच, त्याला हाताची किंमत कळणारच. आहार देणारेही हात धुऊनच उभे राहतात. ओंजळभर पाण्यात होतं ते. आमच्या शहराचं म्हणाल तर राकसकोपचं पाणी नळाला येऊनही कित्येक वर्षं आम्ही दिवसाआड, कधी आठवड्यानं भरत आलो. २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्यातल्या निवडक वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं तेव्हा तिथल्या सोयरिकींचा भाव वधारला, अशी थट्टा आम्ही बायका करायचो. पिंपातून तांब्यानं घेतलेलं पाणी एका हातानं दुसऱ्या हातावर ओतून बघा; नीट हात धुवायला दुसरं माणूस लागतं. हे लक्षात ठेवा, याचं कारण पुढे येतंय.

गडचिरोलीचं काम बहुतेकांना ठाऊक आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळाला शिवण्याआधी हात धुवायचे, हा पहिल्या धड्यांपैकी एक. मग वजन, ऊब, श्वास मोजणं, जंतुदोष ओळखणं आणि लागलीच इंजेक्शन. तिसऱ्या वर्षी तिथे नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. हे सगळं एकट्या हात धुण्यानं झालं असं कुणी म्हणत नाही. पण बाकीचं सगळं त्या हातांनीच करायचं होतं. आणि आपल्या कर्नाटकात नरसम्मा नावाच्या सूलगित्तीला २०१८ साली पद्मश्री मिळाली. पंधरा हजारांवर बाळंतपणं केलेली पावगड्याकडची बाई. तिच्या नावामागे लोक ‘सूलगित्ती’ आदरानं लावत. मी वर्तमानपत्रातला तो फोटो कापून ठेवला आहे.

व्हिएन्नाचा तो ताप जगातून गेलेला नाही. १९३६ साली लंडनमध्ये कोलब्रुक यांनी सल्फाच्या औषधानं बाळंतज्वराच्या बायका वाचवल्या, मग पेनिसिलिन आलं. तरी गरीब देशांत बाळंतिणी अजूनही जंतुदोषानं जातात. त्यावर सात देशांत मिळून एक मोठा प्रयोग झाला, २०१९ ते २०२२. कळा सुरू असलेल्या २९,००० हून अधिक बायकांपैकी निम्म्यांना ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस तोंडावाटे दिला, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. जंतुदोष किंवा मृत्यू शंभरात २.४ वरून १.६ वर आला. बाळांना मात्र वेगळा फायदा दिसला नाही. भारतातली या प्रयोगाची केंद्रं दोन होती: नागपूर आणि बेळगाव. आमच्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी तो इथे चालवला. २०२३ साली ही बातमी वाचली तेव्हा मी पेपर तसाच मांडीवर ठेवून बसले. जिथे आमच्या चुलत सासऱ्यांची आई नवव्या दिवशी गेली, त्याच शहरातल्या बायकांनी त्या तापाविरुद्धच्या औषधासाठी आपलं नाव नोंदवलं होतं.

आता आजेसासूबाईंची राहिलेली गोष्ट.

१९९६ चा उन्हाळा असावा. मी वाचनालयातून आणलेल्या एका मासिकात पहिल्यांदा सेमेलवाइसबद्दल वाचलं आणि दुपारी त्यांना सांगितलं. कानांना कमी ऐकू यायचं, दोनदा सांगावं लागलं. डॉक्टरांचे हात, प्रेतं, चुन्याचं पाणी. मला वाटलं, म्हणतील, ‘बघ, मी म्हणत नव्हते, हातानंच होतं.’ त्या काहीच बोलल्या नाहीत. वाती वळायच्या थांबल्या.

मग म्हणाल्या, ‘‘तिनं गरम पाणी मागितलं होतं ग.’’

‘‘कुणी?’’

‘‘सूलगित्तीनं. आल्या आल्या. दुसऱ्या गल्लीत एक अडलेली बाई सोडवून आली होती, हात रगतानं भरलेले. परड्याच्या दारात उभी राहून म्हणाली, अव्वा, ऊन पाणी द्या, हात धुते. हंडा तापलेला होता की. सासूबाई म्हणाल्या, हंड्याला शिवू नकोस, बाटेल. आडावर तर तिला जायला मुभाच नव्हती. मग मी वरून ओतलं. लांबून. तांब्याभर. शिंतोडा माझ्यावर उडू नये म्हणून असा हात लांब करून. ती म्हणाली अजून घाला. सासूबाई आतून ओरडल्या, पाणी पूजेचं आहे, पुरे.’’

बेळगावात १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. टिळकवाडीत, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. अस्पृश्यता गेली पाहिजे, हे त्यांच्या अध्यक्षीय भाषणात होतं. आमच्या घरातले पुरुष खादीच्या टोप्या घालून ऐकायला गेले होते, आजेसासूबाईंनीच मला सांगितलेलं. त्यासाठी खणलेली विहीर अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणतात. आमच्या परड्यातला आड बुजवला, तिथे आता लेकीच्या बाळाचे कपडे वाळत घालायची तार आहे.

‘‘तुम्ही हे कुणाला सांगितलं होतं?’’ मी विचारलं.

‘‘कुणाला सांगू? आणि मला तरी कुठं कळत होतं? तू आज सांगितलंस तेव्हा...’’ त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. वातींच्या तुपानं चकचकीत झालेले.

थोड्या वेळानं मी तिचं नाव विचारलं.

‘‘नाव?’’ त्या आठवत राहिल्या. शेजारचे माग थांबले होते, वीज गेली होती. ‘‘नाव कोण विचारतंय तेव्हा. सूलगित्ती म्हणायचो.’’